डोळ्यांतला पिवळा

काळा रंग काळा नसतो, असं त्या रंगाऱ्याचं ठाम म्हणणं होतं. एखाद्या काळ्याच्या पोटात लाल दडलेला असतो, एखाद्याच्या पोटात हिरवा, आणि सूत वाळलं की पोटातला तो चोर हळूच बाहेर येतो. म्हणून तो ओली लडी उचलून दारापाशी न्यायचा, बाहेरच्या उजेडाला धरायचा, मान जराशी वाकडी करायचा आणि म्हणायचा, "ह्याच्यात हिरवा बसलाय लपून. चिमूटभर लाल सोडा." बल्बच्या उजेडात त्यानं कधी रंग पास केला नाही. बल्ब म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ, म्हणायचा. वाईटसुद्धा गोरं करून दाखवतो.

सूत रंगवायचा तो कारखाना. वर पत्रा, खाली कायम ओली फरशी, दोन्ही अंगांना वाफाळणारे हौद. गिऱ्हाईक बोटभर कापडाचा नमुना पाठवायचं आणि त्या नमुन्याला तंतोतंत रंग मिळवून द्यायचं काम याचं. म्हणून त्याला सगळे नमुना म्हणत. माणूसही तसा नमुनाच होता, त्यामुळे नाव पक्कं बसलं, धुतलं तरी निघालं नाही. कोपरापर्यंत हात कधी निळे, कधी जांभळे. दिवस संपला की साबणानं हात घासताना तो स्वतःशीच म्हणायचा, "आज कुणाचा खून केला म्हणायचा?"

ह्या नमुन्याच्या रक्तात एचआयव्ही होता.

कसा आला, त्याची फार चौकशी करण्यात राम नाही. तरुणपणी तो मालाच्या गाड्यांबरोबर हिंडला, दारू प्यायला, जिथं निजायचं तिथं निजला आणि जिथं निजायचं नव्हतं तिथंही निजला. लग्न झाल्यावर बायकोला त्याच्याकडूनच लागण झाली. बायको घरी बसून तयार कपड्यांना काजं-बटणं करायची. जिभेची तिखट. औषधाच्या सेंटरवर बाकावर बसली की शेजारणीला सांगायची, "नवऱ्यानं मला कधी काही दिलं नाही असं नाही हं. हे दिलंय." शेजारीण बिचारी हसावं का रडावं या पेचात पडायची.

कारखान्यात कुणाला पत्ता नव्हता. महिन्यातून एकदा सेंटरवर जायचं असलं की नमुना मुकादमाला म्हणायचा, "सासूला गुडघ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचंय." सासू मरून बरीच वर्षं झाली होती, पण तिचे गुडघे कारखान्यात अजून जिवंत होते. मुकादम वर विचारायचाही, "आता बरं आहे का त्यांना?" आणि हा तोंड पाडून म्हणायचा, "चालता येत नाही हो."

दोघांनाही आधी एकाच तऱ्हेच्या गोळ्या चालू होत्या. बायकोनं त्या नेमानं घेतल्या आणि तिला त्या लागू पडल्या. नमुन्याच्या बाबतीत दारू आडवी आली. पिऊन पडला की गोळी राहायची, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसला की पुन्हा राहायची. अशानं रक्तातला विषाणू त्या गोळ्यांना सरावला आणि शेवटी त्यांना भीकच घालेना. मग दारू सुटली, पण गोळ्या हातच्या गेल्या.

तेव्हा सेंटरच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. डॉक्टर वयस्क, आवाज खालचा, शब्द मोजके.

"हा दुसरा संच," ते म्हणाले. "याच्यापुढं अजून एक आहे, पण तो मागितला आणि मिळाला असा नाही. वरून मंजुरी यावी लागते, आणि येईपर्यंत माणूस टिकावा लागतो. तेव्हा हाच शेवटचा असं समजून वागा."

टेबलावर त्यांनी गोळ्या मांडल्या. एक मोठी. तिच्याजवळ एक छोटी. बाजूला एक आणखी, ती ओळखीची, आधीच्या घराण्यातली.

"मारायचं काम मुख्यतः ही मोठी करते. पण ती पोटात गेली की लिव्हर तिला तोडून बाहेर टाकायला बसतं. तिला रक्तात ठरूच देत नाही. ही छोटी, हिला बूस्टर म्हणतात, ही लिव्हरचे हात बांधून ठेवते. मग मोठी दिवसभर रक्तात टिकते. छोटी स्वतः कुणाला मारत नाही, पण ती नसली तर मोठी असून नसल्यासारखी."

नमुन्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या सोड्यासारखी! रंग वेगळा, सोडा वेगळा. सोड्याला स्वतःचा रंग नाही, पण तो हौदात पडल्याशिवाय रंग सुताला धरत नाही. नुसताच पाण्याबरोबर वाहून जातो."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. आपलं म्हणणं पेशंटला कळलं याचा डॉक्टरांना आनंद झाला. तो आनंद नंतर महागात पडला, कारण सोड्याची गोष्ट डॉक्टरांना अर्धीच ठाऊक होती आणि गोळीची गोष्ट नमुन्याला अर्धीच.

उठता उठता डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. "डोळे पिवळे होतील. काहींचे थोडे, काहींचे जास्त. ती कावीळ नाही. लिव्हरला काही झालेलं नाही. शरीरातला पिवळा बाहेर जायची वाट ही मोठी गोळी जरा अडवते, एवढंच. घाबरू नका."

नमुना घाबरला नाही. घाबरायचं काम दुसऱ्यांनी केलं.

दुसऱ्या कुठल्या धंद्यात तो पिवळा कदाचित खपून गेला असता. लोक म्हणाले असते, जागरण झालंय. पण त्या कारखान्यात शिपायापासून मुकादमापर्यंत सगळ्यांची पोटं रंग ओळखण्यावर भरत होती. पिवळा नुकता चढायला लागला होता, बाहेरच्या माणसाला दिसलाही नसता, तोच सूत पिळायच्या यंत्रावरचा गडी ओरडला, "अरे नमुन्या, डोळ्यांना कुठला लॉट लावलायस? लिंबू का पपई?"

"पपई," नमुना म्हणाला. "मालकानं उरलेला रंग पाजला. टाकवत नव्हता त्याला."

हशा झाला. पण पिवळा चढत गेला तसा हशा उतरत गेला. पपईची पुढं सोनकेळी झाली. नखांच्या मुळाशीसुद्धा रंग दिसायला लागला. पाण्याच्या पिंपाला साखळीनं बांधलेला एक पेला होता, सगळे त्यानंच प्यायचे. एका सकाळी नमुन्यानं पेल्याला हात घातला तर पिळणारा गडी म्हणाला, "जरा थांब, मला पिऊ दे." मग दुसरा म्हणाला, मलाही पिऊ दे. सगळ्यांचं पिऊन झालं, नमुना प्यायला, आणि त्याच्यानंतर तो पेला कुणी उचलला नाही. दुपारी मुकादमानं बाजूला घेतलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस, पेला घरून आणत जा आपला."

"मला कावीळ नाही, मुकादम."

"मग काय आहे?"

नमुना लडी उचलून दाराकडं वळला. उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

मालक माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोक्यात मागची आठवण ताजी होती. एका काविळीनं निम्मा कारखाना आडवा पडला होता आणि एक गडी दगावला होता. त्यानं नमुन्याला बोलावून सांगितलं, "डॉक्टरचा कागद आण, कावीळ नाही म्हणून. मग डोळे हिरवे झाले तरी मी विचारणार नाही. कागद नसेल तर बरा होईपर्यंत घरी बस."

कागद सेंटरचे डॉक्टर एका पायावर देतील. पण त्यावर शिक्का सेंटरचा उठणार, आणि ते सेंटर कशाचं आहे हे शाळेतलं पोरही सांगेल. नमुना मग घराजवळच्या डॉक्टरकडं गेला. त्यानं पापणी खाली ओढली, पोट दाबलं आणि म्हणाला, "रक्त तपासू. आत्ता कुठल्या गोळ्या चालू आहेत?" नमुना सदरा ठीक करत उठला तो सरळ बाहेर पडला. चपला घालायला दारात थांबला नाही, हातात घेऊन चालू लागला.

घरी बायको खिडकीपाशी काजं करत बसली होती.

"काय म्हणाला?"

"गोळ्या कुठल्या विचारत होता."

"मग सांगायचं होतं ना, लिव्हरच्या."

"तो डॉक्टर आहे, मुकादम नाही."

तिनं दोरा दातानं तोडला. "सेंटरवरच्या कौन्सेलर बाईंना विचारा काही. दुसरी गोळी असेल."

"बाई म्हणणार, बदलता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलंच आहे ना, हाच शेवटचा. आणि कारखाना गेला तर मी काय करणार? काजं?"

"काजं वाईट असतात का?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंत."

नमुन्यानं खिडकीतला आरसा उचलून डोळे पाहिले. मग त्याचं रंगाऱ्याचं डोकं चालू झालं. हौदात रंग जरुरीपेक्षा गडद चढला तर रंगारी काय करतो? रंग तर पडलेला असतो, तो काढता येत नाही. तो सोडा आवरता घेतो. पुढच्या फेरीला अर्धाच सोडा, कधी तोही नाही. सूत रंग धरतं, पण बेतानं. एवढी वर्षं त्यानं हेच केलं होतं आणि एकही लॉट परत आला नव्हता.

"मोठी सोडायची नाही," तो म्हणाला. "मोठी रोजच्या रोज. छोटी मात्र एक दिवसाआड. छोटीमुळं मोठी जास्त धरते, म्हणून पिवळा एवढा चढतोय. सोडा कमी केला की उतरेल."

बायकोनं सुई बोटांत तशीच धरून ठेवली. "हे डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टरच म्हणाले ना, छोटी कुणाला मारत नाही म्हणून. मारणारी ती मोठी. ती मी सोडतोय का?"

"विचारून घ्या हो एकदा."

"विचारलं की नाही म्हणणार. मग नाही म्हटल्यावर करायचं, का आधीच करायचं?"

तिनं सुई पुन्हा कापडात घातली. खरं सांगायचं तर तिलाही ते डोळे नकोसे झाले होते. कपड्यांचा गठ्ठा पोचवायला आलेला माणूस परवा दारातूनच गठ्ठा आत ढकलून गेला होता.

सेंटरवर दर खेपेला उरलेल्या गोळ्या मोजत. मोठ्या आणि छोट्या सारख्या संपायला हव्यात. म्हणून न घेतलेली छोटी गोळी नमुना खिशातून कारखान्यात न्यायचा आणि गडद रंगाच्या हौदात सोडून द्यायचा. गोळी वाफेखाली बुडायची आणि दिसेनाशी व्हायची.

आणि पिवळा उतरला.

रोज सकाळी तो खिडकीत आरसा धरून उभा राहायचा, मान वाकडी करून, रंग पास करायला उभा राहतो तसा. सोनकेळीची पपई झाली, पपईचा लिंबू झाला. त्याला धीर आला. एक दिवसाआडचे दोन दिवसांआड झाले. छोटीनं तसंही पोटात ढवळायचं, तोंडाला चव राहायची नाही. ती कमी झाल्यावर जेवण जायला लागलं. शेवटी छोटी नावालाच उरली. डोळे पांढरे झाले, धुतलेल्या सुतासारखे.

मालकानं समोर उभं करून पाहिलं. "गेली की रे तुझी कावीळ!"

"म्हटलं होतं ना."

"काय केलंस?"

"पथ्य," नमुना म्हणाला.

पिळणाऱ्या गड्यानं त्या दिवशी नमुन्याच्या हातातला साखळीचा पेला घेतला आणि त्याच्या देखत पाणी प्यायला. घरी बायको म्हणाली, "आता तोंडाकडं बघून बोलावंसं वाटतं." ते दिवस त्यांच्या संसारातले सगळ्यात चांगले होते, असं ती नंतर सांगायची. नमुना गाणी म्हणत घरी यायचा. गळा बेसूर, पण उत्साह दांडगा. त्यात फसवणूक अशी की त्या दिवसांत रक्तात काय चाललंय ते कुठल्याच उजेडाला धरून दिसत नव्हतं. मोठी गोळी सकाळी पोटात जायची, मोकळ्या हातांचं लिव्हर तिला दुपारपर्यंत मोडीत काढायचं, आणि उरलेला दिवस नि रात्र विषाणूला रान मोकळं. मोठी गोळी मुळीच नसती तर एकवेळ परवडलं असतं. ती होती, पण अर्धीमुर्धी. मारण्याइतकी नाही, ओळख करून देण्याइतकी.

पहिल्यांदा जिभेवर पांढरा थर आला. मग ताप, येऊन जाऊन. मग विजार कमरेला राहीना, तिला सुतळी लागली. मुकादम म्हणाला, "नमुन्या, पथ्य जरा जास्त होतंय." बायको त्याला रोज नव्यानं सुतळी आवळताना बघायची आणि काही बोलायची नाही. शेवटी पाण्यानं जड झालेली लडी उचलताना तो हौदाच्या कडेवर वाकला तो वर येईना. दोघांनी काखेत हात घालून काढला. तेव्हा मात्र बायकोनं त्याला सेंटरवर नेलं.

रक्त दिलं. अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. रक्तात विषाणू उसळला होता.

"गोळ्या चुकल्या?"

"एकही नाही. मोठी तर एक दिवस चुकली नाही, शपथेवर सांगतो."

कौन्सेलर बाईंनी गोळ्यांचा हिशेब लागतो म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. मग ते खुर्चीतून उठले.

"जरा खिडकीपाशी या."

नमुना उठला. डॉक्टरांनी त्याला दिवसाच्या उजेडात उभा केला, अंगठ्यानं खालची पापणी ओढली, एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला. मग परत पहिला. नमुन्याला त्या उभं राहण्याची ओळख पटली. माल बिघडलेला असला की तो स्वतः असाच दारात उभा राहायचा, मुकादमाला काय सांगावं याचा विचार करत.

"डोळे स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"मोठी गोळी एक दिवस चुकली नाही म्हणता, आणि डोळे एवढे स्वच्छ. छोटीचं काय केलंत?"

नमुन्यानं बायकोकडं पाहिलं. बायकोनं जमिनीकडं.

मग त्यानं सगळं सांगितलं. कारखाना, पेला, कागद, सोडा. सोड्याचं सांगताना त्याचा आवाज थोडा वर चढला, कारण तेवढ्या एका गोष्टीत आपलं चुकलं नाही असं त्याला अजूनही वाटत होतं. डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं, असं बायको म्हणायची. ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून नुसता हातात धरून राहिले.

"मी सांगितलं होतं डोळ्यांचं."

"मला सांगितलं होतं, डॉक्टर. मालकाला कुणी सांगितलं होतं?"

कौन्सेलर बाई म्हणाल्या, "आमच्याकडं यायचं होतं. शिक्क्याशिवाय कागद देता आला असता. काहीतरी केलं असतं."

"तसं होतं का?" नमुना म्हणाला. त्याला ते माहीत नव्हतं. आणि बाईंना विचारल्याशिवाय सांगायचं सुचलं नव्हतं.

"बरं, आता चुकलं," नमुना म्हणाला. "आम्ही काय करतो, लॉट फिका पडला तर परत हौदात घालतो. आजपासून छोटी रोज घेतो. हवी तर दोन घेतो."

"तुमचं सूत फिकं पडलं तर ते काही शिकत नाही," डॉक्टर म्हणाले. "नुसतं फिकं पडतं. हा शिकतो. इतके महिने मोठी गोळी त्याला थोडी थोडी चाखायला मिळाली. आता पोटभर दिली तरी त्याला काही होईल का, मला सांगता येत नाही. घेऊन बघू."

घेऊन बघितलं. छोटी रोज, बायकोच्या समोर. काही दिवसांत डोळे पुन्हा पिवळे झाले, पहिल्यापेक्षाही गडद. मोठी गोळी आता रक्तात काठोकाठ होती. नमुना आरशात बघायचा आणि म्हणायचा, "धरला बघ रंग." पण ताप गेला नाही, मांस चढलं नाही, आणि पुढचा अहवाल आला तो तसाच. विषाणू त्या पिवळ्यात सुखानं पोहत होता.

कारखान्यात त्यानं पाय ठेवला तो शेवटचाच. मुकादमानं डोळ्यांकडं बघून तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "कावीळ नाही. एड्सच्या गोळ्या आहेत. सासूला गुडघे नाहीत. म्हणजे सासूच नाही."

मुकादम अर्धं पाऊल मागं सरला. मग ते अर्धं पाऊल त्यानं परत पुढं घेतलं, पण सरलेलं दिसलं ते दिसलंच. "आधी सांगायचंस की रे," तो म्हणाला.

"आधी सांगितलं असतं तर?"

मुकादमानं हौदाकडं पाहिलं. खोटं बोलायचा त्याला कंटाळा असावा. "घरीच बसवला असता," तो म्हणाला.

पिंपाच्या साखळीला दुसऱ्या दिवशी पेला नव्हता. ज्यानं त्यानं आपापला आणला.

तिसऱ्या संचाची मागणी वर गेली. ती वर असताना खाली नमुन्याचे डोळे बिघडले. आधी नजरेपुढं काळे ठिपके तरंगायला लागले. "माशा आल्यात घरात," तो म्हणायचा आणि हातानं वारायचा. घरात माशी नव्हती. मग एका कडेनं पडदा सरकत आला. अंगातली ताकद पार तळाला गेली की एक वेगळा जंतू डोळ्याच्या आतल्या पडद्यालाच धरतो, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्यात सुया टोचल्या. आग थांबली. जळालेलं परत आलं नाही. एक डोळा गेला, दुसऱ्यात उजेड आणि माणसांचे आकार तेवढे राहिले. रंग गेले सगळे. बायकोच्या साडीला तो राखाडी म्हणायचा, आणि ती कधी हो म्हणायची, कधी म्हणायची, "लाल आहे, डोळे फुटले का?" आणि मग जीभ चावायची.

संच आला, उशिरा पण आला. डॉक्टरांनी गोळ्या बायकोच्या हातात दिल्या. नवी मोठी. आणि तीच जुनी छोटी.

"छोटी आहेच का?" नमुन्यानं विचारलं.

"आहे. आता सकाळ-संध्याकाळ दोनदा. नवी मोठी दोनदा, तिच्याबरोबर छोटीही दोनदा. नव्या मोठीलासुद्धा छोटीशिवाय रक्तात थारा नाही."

"आणि पिवळा?"

"या मोठीनं डोळे पिवळे होत नाहीत."

नमुन्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "मग हीच आधी का नाही दिलीत?"

"ही आधी कुणालाच देत नाहीत. महाग पडते. दोन्ही संच वाया गेल्यावर मिळते."

"म्हणजे वाया घालवल्याशिवाय मिळत नाही," नमुना म्हणाला. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून बायकोला दिल्या.

गोळ्या लागू पडल्या. ताप गेला. विजारीची सुतळी सैल झाली. माणूस वाचला म्हणायचा, म्हणजे जेवढा उरला होता तेवढा वाचला.

आता तो खिडकीपाशी बायकोच्या शेजारी बसतो. बटणं चाचपून जाडी-रुंदीप्रमाणं वेगळी करून देतो, रंगाप्रमाणं ती करते. छोटी दोनदा पोटात जायला लागल्यापासून त्याच्या पोटात सारखं ढवळतं. मध्यंतरी एका संध्याकाळी बायकोनं गोळ्या तळहातावर ठेवल्या आणि पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यानं हातच पुढं केला नाही.

"नको आज."

"का?"

"मळमळतंय. आणि कशासाठी घ्यायची? बटणं निवडायला?"

"तुम्ही मेलात तर मला सल्ले द्यायला अख्खी गल्ली येईल," ती म्हणाली. "त्यापेक्षा तुम्ही बरे. निदान एकटेच बडबडता. घ्या."

तो हसला नाही. पण हात पुढं केला. मोठी घेतली, पाणी प्यायला. मग छोटी घेतली आणि पाणी प्यायला. गोळी गेली की नाही हे सांगणारा पिवळा आता नव्हता. डोळे पाहून कळायचे दिवस गेले होते, आणि त्याच्या शब्दावर ती एकदा गप्प बसून चुकली होती.

"जीभ बाहेर काढा," ती म्हणाली.

त्यानं काढली.

"वर उचला."

"अगं, घेतली म्हटलं ना."

"उचला वर."

त्यानं जीभ वर उचलली. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि जिभेखाली आणि दोन्ही गालांत नीट पाहिलं. डाव्या दाढेपाशी, गालाच्या आत, छोटी गोळी होती.

तिनं ती काढली नाही. तांब्या परत त्याच्या हातात दिला आणि तो गिळेपर्यंत हनुवटी सोडली नाही.